एका फांदीवर दोघं

जून संपत आला तरी पाऊस नव्हता. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "काकू, आमच्या पाखरांसाठी घर बघायचंय." नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागलेली, महिन्याभरात निघायचं होतं. तिच्याकडे दोन कॉकाटील. कॉकाटू नावाच्या पोपटांच्या कुळातला हा सगळ्यात लहान, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. डोक्यावर बोटाएवढा तुरा, लांब शेपटी, गालावर केशरी टिकली. दोघी एकाच घरट्यातल्या, सात-आठ महिन्यांच्या. करडी ती मोहरी आणि पांढरी-पिवळी ती हळद. एक गृहस्थ हळदीला न्यायला तयार होते, रंग आवडला म्हणून. मोहरी त्यांना नको होती. ज्या दुकानातून पाखरं घेतली तिथला माणूस म्हणाला होता, एकेक करून द्या, लगेच जातील.

"एकीला नुसती दुसऱ्या खोलीत नेली तरी दोघी ओरडून घर डोक्यावर घेतात. कशा तोडू?" हे बोलताना तिचे डोळे भरून आले.

सकाळी सांगते म्हणाले. रात्रभर मला साताऱ्याचा विठू आठवत राहिला.

*

विठू आमच्या ओसरीवर टांगलेला असे. हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला नर. आजोबांनी तो बाजारातून पिल्लू असताना आणला होता. मिरची, पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ असं सगळं त्याला मिळायचं. आल्यागेल्याला तो "कोण आलं?" असं विचारायचा आणि पाव्हणे खूश व्हायचे. त्याला करमावं म्हणून आजीनं पिंजऱ्यात तळहाताएवढा आरसा बांधला होता.

विठू दिवसभर त्या आरशापुढे. मान वर-खाली करत घशातला घास वर आणायचा आणि आरशाला भरवायचा. काच डाळीनं बरबटायची. आई ती रोज पुसायची आणि विठू रोज पुन्हा भरवायचा. आम्ही मुलं हसून लोळायचो. नर आपल्या मादीला असाच घास देतो हे मला कळलं तेव्हा विठूला जाऊन वीस वर्षं झाली होती. शेवटी शेवटी त्यानं छातीवरची सगळी पिसं उपटून काढली होती. आजी खोबरेल तेल लावायची.

आजी मायेची होती, आजोबाही. त्या काळी दारोदारी पोपट असत आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. माझा त्यांच्यावर राग नाही. पण तो नऊ वर्षं एका काचेला भरवत होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

*

सकाळी वर जाऊन सांगितलं, दोघींना घेते.

वडिलांना, अप्पांना, आधी विचारलं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी घरात गोंगाट चालेल का म्हणून. ते म्हणाले, "एक आणणार असशील तर नको. दोन आण." विठूचा विषय आमच्यात निघाला नाही. निघायची गरज नव्हती.

*

सोसायटीतल्या एकांनी सुचवलं, आणताच आहात तर आपला हिरवा पोपट आणा, स्वस्तात पिल्लू मिळवून देतो. त्यांना तिथंच थांबवलं. हिरवा पोपट काय, पहाडी पोपट काय, आपल्या देशातला कुठलाही रानातला पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ही पिल्लं येतात कुठून? झाडाच्या ढोलीत हात घालून, डोळे धड उघडायच्या आत काढलेली असतात. टोपलीत दाटीनं भरून आणताना जी मरतात त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. विकत घेणारा नसेल तर ढोलीत हात जाणार नाही.

कॉकाटीलचं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियानं आपली रानपाखरं व्यापारासाठी बाहेर पाठवणं बंद केल्याला सहा दशकं होऊन गेली. आज आपल्याकडे दिसणारे सगळे पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. वन्य जिवांच्या व्यापारावर नजर ठेवणारा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या याद्यांत जगातले जवळजवळ सगळे पोपट येतात, फक्त चार सोडून: बजरीगर, कॉकाटील, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि आपला हिरवा पोपट. त्यातला शेवटचा आपल्या कायद्यानं राखलेला. बाकी सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे असं काही कुणी देत असेल, तर 2024च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. दत्तक घेताना देणाऱ्याकडे कागद मागायला संकोच करू नये.

*

मोहरी आणि हळद आल्या त्या दिवशी काहीच बदललं नाही. तोच पिंजरा, त्याच वाट्या, तीच घंटा. मुलीनं आपली एक जुनी ओढणी सोबत दिली, रात्री पिंजऱ्यावर टाकायची ती. फक्त आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या चार दिवसांनी काढल्या आणि पेरूच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावल्या. एकाच जाडीच्या दांडीवर बसून पाखराच्या तळपायाला फोड येते. फांदी कुठं जाड, कुठं बारीक असते, पाय मोकळा राहतो. साल सोलायला मिळते हा आणखी एक आनंद.

संध्याकाळपर्यंत दोघी अगदी टोकाला, अंगाला अंग लावून बसलेल्या. तुरे ताठ. कुणी खाल्लं नाही. अप्पांनी खुर्ची जवळ ओढली आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. अग्रलेख संपला, बाजारभाव संपले. छोट्या जाहिरातींपाशी मोहरी खाली उतरून वाटीत डोकावली. ती खात होती तोवर हळद मान वाकडी करून पंख्याकडे बघत पहारा देत होती. मग हळद उतरली आणि मोहरी वर जाऊन बसली.

*

पंखा. पाखरं घरात असलेल्यांनी हे दारावर लिहून ठेवावं. पिंजरा उघडायच्या आधी पंख्याचं बटण बंद, खिडक्या बंद, उकळतं काही असेल तर झाकण. आम्ही बटणावर लाल चिकटपट्टी लावली आहे. येणारा पाव्हणा लाल पट्टी बघून हात मागे घेतो.

*

जोडी जमलेली आहे हे कसं ओळखायचं, असं पुतणीनं विचारलं. मी तिला म्हटलं, अर्धा तास नुसती बस इथं.

एकीनं पाणी प्यायलं की दुसरी पिते. एकीनं डावा पंख आणि डावा पाय ताणला की पाच-दहा सेकंदांत दुसरी ताणते. नवी पिसं येतात तेव्हा ती पांढऱ्या नळीत गुंडाळलेली असतात. अंगावरच्या नळ्या ज्याच्या त्याला चोचीनं सोलता येतात, पण डोक्यावरच्या आणि मानेमागच्या नाही. तिथं दुसरी चोच लागते. हळद मान खाली घालते, डोळे अर्धे मिटते आणि मोहरी एकेक नळी हलक्या हातानं (चोचीनं म्हणायला हवं) सोलून देते. चुकून जोरात ओढलं गेलं तर हळद फिसकारते, आणि लगेच पुन्हा मान पुढे करते. भांडणं होतात. दुपारी अडीचला झोपायच्या जागेवरून रोज होतात. पण भांडून लांब जाऊन बसलेली मी पाहिली नाहीत.

एकटा पोपट आपलं डोकं पिंजऱ्याच्या तारेवर घासतो. विठू घासायचा.

*

पहिल्या पंधरवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एकाच खोक्यात दोघींना. पाखराचा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पोपट बघतात असं नाही. विष्ठेची तपासणी केली. पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप आहे, क्लॅमिडियाच्या जंतूंमुळे होतो आणि फुप्फुसावर जातो. अप्पांचं वय बघता मला ती तपासणी हवीच होती. काही निघालं नाही. पिसांवरून नर-मादी ओळखायची डीएनए तपासणीही करून घेतली. लहानपणी सगळे कॉकाटील मादीसारखेच दिसतात. पहिली पिसं झडल्यावर करड्या जातीतल्या नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि ओळख पटते, पण हळदीसारख्या पांढऱ्या-पिवळ्यात रंगावरून नीट कळत नाही.

वजन: मोहरी 91 ग्रॅम, हळद 86. डॉक्टर म्हणाले, स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि रोज सकाळी खायच्या आधी वजन लिहा. पाखरू आजार लपवतं. थव्यात जो आजारी दिसतो तो ससाण्याला आधी दिसतो, म्हणून शेवटच्या घडीपर्यंत ते नीटनेटकं बसून राहतं. पण काटा सांगतो. दहा टक्के उतरलं तर त्याच दिवशी या.

*

अहवाल आला. मोहरी मादी, हळद नर.

तेव्हापासून घरात व्याकरणाचा घोळ आहे. हळद आला, हळद जेवला. अप्पांच्या तोंडी अजून बसत नाही. नाव बदलावं का असा विचार केला, पण हळद म्हटल्यावर तो तुरा उभा करून बघतो. त्याचं नाव त्याला माहीत आहे. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही असं ठरवलं.

*

नावावरून आठवलं. व्हेनेझुएलात पॅरटलेट नावाचे चिमणीएवढे पोपट आहेत. 2011 साली त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरट्यात कॅमेरे बसवून शास्त्रज्ञांनी पाहिलं की प्रत्येक पिल्लाला हाक मारायचा एक वेगळा आवाज असतो, आणि तो पिल्लाला आई-बापांकडून मिळतो. काही घरट्यांतली अंडी त्यांनी अदलाबदल करून ठेवली होती. तिथल्या पिल्लांनी उचलली ती पाळणाऱ्या आई-बापांची हाक.

म्हणजे मोहरी आणि हळद ही आपण दिलेली नावं. त्यांची एकमेकांसाठी काय नावं आहेत? मी दुसऱ्या खोलीत असते तेव्हा येणारी ती छोटी, वर चढत जाणारी शीळ, तिला लगेच मिळणारं उत्तर. दिवसातून शंभरदा. तू आहेस ना? आहे. तू आहेस ना? आहे.

*

राघू-मैना. लहानपणी मला वाटायचं, राघूची बायको मैना. पुढे कळलं, मैना हा निराळाच पक्षी, साळुंकीच्या गोतातला. त्यांची सोयरीक होणं नाही. पण राघूला कुणीतरी सोबत हवं एवढं आपल्या भाषेला कळलं होतं. पिंजऱ्यात मात्र आपण एकटाच राघू ठेवत आलो.

*

पोपट बोलतो कशाला? रानात त्याला मिरच्या मागायच्या नसतात. थव्यातले पोपट एकमेकांचे आवाज उचलतात. सारखा आवाज काढणारा तो आपला. ज्याला थवाच नाही तो ज्यांच्यात राहतो त्यांचे आवाज उचलतो. विठूचं "कोण आलं?" ही आमच्यात सामील व्हायची धडपड होती. आपण तिला करमणूक म्हटलं, आणि अर्थ न कळता बडबडण्याला पोपटपंची हे नाव ठेवलं.

जोडीतले पोपट माणसासारखं कमी बोलतात, असं पाळणारे सांगतात. बोलणारा पोपट हवा म्हणून एकटा ठेवा, असा सल्ला अजूनही दिला जातो. सल्ला देणाऱ्यानं आपण काय सांगतो आहोत त्याचा एकदा शांतपणे विचार करावा.

*

व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2014 साली आफ्रिकन ग्रे पोपटांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. वय वाढतं तसे ते झिजतात, आणि फार ताणात असलेल्या जिवांत लवकर झिजतात. एकटे ठेवलेले पोपट आणि जोडीनं ठेवलेले पोपट यांची तुलना केली तर एकट्यांचे टेलोमिअर आखूड निघाले. एकटेपणा रक्तात मोजता आला.

स्वित्झर्लंडमध्ये 2008पासून नियमच आहे. पोपट, गिनीपिग असे कळपात राहणारे प्राणी एकटे ठेवायला मनाई. आपल्याकडे असा नियम यायची वाट कशाला बघायची?

*

खाणं. मुलीकडे त्यांना दुकानातलं बियांचं मिश्रण मिळायचं आणि त्यातून दोघं सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचून खायचे. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. डॉक्टरांनी तयार खाद्याचे दाणे दिले. मुलं वरणभात टाकून देतात तसे दोघांनी ते वाटीतून बाहेर फेकले. चार आठवडे लागले. घाईनं बिया बंद केल्या असत्या तर ते उपाशी राहिले असते, म्हणून रोज काट्यावर बघत थोडं थोडं बदललं. राळ्याची कणसं मात्र बक्षीस म्हणून ठेवली.

भाजीत सगळ्यात उपयोगी पडला शेवग्याचा पाला. मंडईतली मावशी शेंगांबरोबर फुकट देते. ओली डहाळी पिंजऱ्याच्या छताला उलटी टांगली. मोहरी धीट, तिनं आधी पानं चिरडली, मग चाखली. हळद तिच्याकडे बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी तोही खाऊ लागला. त्यानंतर गाजराचा कीस, कोथिंबीर, मेथी, मोड आलेले मूग, सगळं याच क्रमानं: आधी ती, मग तो. एकट्या पाखराला नवं खाणं शिकवताना माणसाला त्याच्यासमोर चावून दाखवावं लागतं. माझं काम मोहरीनं केलं.

चहा, चॉकलेट, अव्होकॅडो, कांदा, खारवलेलं काहीही: नाही म्हणजे नाही. अप्पांच्या बशीतल्या चहावर हळदीचा डोळा असतो, म्हणून अप्पा आता चहा आतल्या खोलीत घेतात.

*

पाखराचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं. त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी ताजी हवा मिळते. उडण्यासाठी हे वरदान, आणि बंद घरात हाच धोका, कारण विषारी धूरही तितक्याच लवकर रक्तात उतरतो. नॉनस्टिक भांड्याचा लेप रिकामं भांडं गॅसवर राहून 260 अंशांच्या पुढे तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेनं पिंजऱ्यातली पाखरं काही मिनिटांत मरतात. माणसाला तोवर वासही आलेला नसतो.

मी नॉनस्टिकचं सगळं काढून टाकलं. आईचा बिडाचा तवा माळ्यावर होता, तो घासून पुन्हा वापरात आणला. डास मारायची अगरबत्ती बंद, फवारा बंद. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची. राहिली देवापुढची उदबत्ती. ते अप्पांना कसं सांगावं मला कळेना. पन्नास वर्षांची त्यांची सवय. मी काही बोलायच्या आत एका संध्याकाळी त्यांनी उदबत्तीचा पुडा मला दिला, कुणाला तरी देऊन टाक म्हणाले, आणि फक्त तुपाचं निरांजन लावलं.

*

श्रावणात हळद गाऊ लागला. आधी तोडकीमोडकी शीळ, मग लांब लांब ताना. पंखांचे खांदे किंचित वर उचलतो, पाठीमागून बघितलं तर बदामाचा आकार दिसतो, आणि फांदीवर चोच ठोकत तालात चालतो. कुकरची शिट्टी त्यानं आठवड्यात उचलली. अप्पा पूजेला गुणगुणतात त्या आरतीच्या पहिल्या ओळीची चाल तो निम्मी म्हणतो आणि तिथंच सोडतो. हे सगळं आमच्यासाठी नाही. तोंड मोहरीकडे असतं. ती बहुतेक वेळा पंख साफ करत असते, आणि तो गायचा थांबला की वळून बघते.

*

त्याच दिवसांत नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी दोघांचे तुरे काटकोनात. तिसऱ्या दिवशी ढोल चालू असताना डुलक्या. दिवाळी मात्र कठीण गेली. कॉकाटीलला रात्री एकाएकी दचकून उठायची खोड असते. अंधारात भेलकांडत पिंजऱ्यावर आपटतात, पंख रक्ताळतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला जिन्यात माळ फुटली आणि पिंजऱ्यात नुसती फडफड. दिवा लावला, जवळ बसून हळू आवाजात बोलत राहिले. मोहरी आधी शांत झाली. हळद तळाशी होता, पंखातून एक पीस रक्तासकट निघालेलं. ती उतरून त्याच्या शेजारी बसली, तेव्हा त्याचं धापणं कमी झालं. त्या रात्रीपासून कोपऱ्यात लहान दिवा रात्रभर असतो.

फटाके लावणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, रात्री दहानंतर नको. जिन्यात तर कधीच नको.

*

"जोडीनं ठेवली तर माणसाळत नाहीत." हे मी निदान वीस जणांकडून ऐकलं. त्यात थोडं खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं. जोडी घरी आणणाऱ्यानं दिवसभर खांद्यावर पोपट घेऊन फिरायची स्वप्नं बघू नयेत. पहिले सहा आठवडे माझ्या हातावर कुणी बसलं नाही. मी रोज पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून वह्या तपासायचे, मधूनमधून राळ्याचं कणीस दारात धरायचे. आधी मोहरीनं मान लांब करून एक दाणा घेतला. मग पाय माझ्या बोटावर, शेपूट आत. एका रविवारी दुपारी दोघं एकदम उडाली आणि माझ्या दोन खांद्यांवर एकेक येऊन बसली. मी बराच वेळ हललेच नाही.

आता ती रोज येतात. केसांची टोकं चावतात, चष्म्याची काडी ओढतात. तरी मला नीट ठाऊक आहे, मी त्यांच्या घरातली तिसरी आहे. एक उडाला की दुसरा माझा खांदा सोडून त्याच्यामागे जातो. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. विठू माझ्यामागे धावायचा, कारण त्याला दुसरं कुणी नव्हतं.

ज्या दुकानदारानं मुलीला "काही महिने वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, मग हातावर येतील" असं सांगितलं होतं, त्याचा सल्ला चुकीचा नाही असं म्हणणारे भेटतात. वेगळे केले तर खरंच लवकर हातावर येतात. भुकेला माणूस कुणाच्याही पानात जेवतो, तसेच.

*

मार्गशीर्षात एका सकाळी मोहरी 84. आदल्या दिवशी 88. मी वही उलटून बघितली, आठवड्यापूर्वी 92. बसलेली नीट, पण पिसं किंचित फुगवलेली. रिक्षा करून गेलो, दोघांना घेऊन. अन्नपिशवीत बुरशीचा संसर्ग निघाला. रात्री दवाखान्यातच ऊब देऊन ठेवावं लागेल, आणि निरोगी पाखरू आत ठेवता येणार नाही, असं तिथल्या मदतनिसानं सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं. संसर्ग पसरू शकतो.

मी हळदला घेऊन घरी आले. तो रात्रभर हाक मारत होता. ती वर चढणारी शीळ, मग थांबून ऐकणं, मग पुन्हा. पहाटे त्याचा आवाज बसला, तरी चोच उघडत होती. सकाळी वजन केलं, 86चे 82. एका रात्रीत.

दवाखान्यातून फोन आला, ती काही खात नाहीये, नळीनं भरवावं लागतंय. डॉक्टरांना हळदचं सांगितलं. क्षणभर थांबून ते म्हणाले, घेऊन या. दोन काचेच्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये बोटभर अंतर. हवा वेगळी, पण दिसतं आणि ऐकू येतं. हळद काचेला चिकटून बसला. मोहरीनं मान वळवली. दुपारी दोनला त्यानं त्याच्या वाटीतला दाणा उचलला आणि ती तिच्या वाटीकडे गेली.

पाचव्या दिवशी दोघं घरी आली. पिंजऱ्यात शिरल्यावर पहिला तासभर मानेमागची पिसं साफ करणं चालू होतं, एकदा हिची, एकदा त्याची.

*

एकाच घरट्यातली भावंडं, म्हणून पिल्लं नकोत. घरट्याची पेटी लावलेली नाही. कागदाचे ढिगारे, कपाटाखालचे अंधारे कोपरे यांच्यापासून लांब ठेवते. रात्री बारा तास, तो लहान दिवा सोडला तर, अंधार आणि शांतता. दिवस मोठा झाला, आडोसा मिळाला, मऊ खाणं भरपूर झालं की मादीचं शरीर अंडी घालायच्या तयारीला लागतं. वारंवार अंडी घातली की चुना कमी पडून अंडं आत अडकतं आणि पाखरू दगावू शकतं. समुद्रफेस कायम पिंजऱ्यात असतो. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून मिळतं.

फेब्रुवारीत मोहरीनं तरी चपलांच्या मांडणीत एक अंडं घातलं, एक दिवस आड दुसरं, मग तिसरं. उचलून फेकलं तर ती आणखी घालत राहते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अंडी थंड करून, खुणा करून पुन्हा तिच्याखाली ठेवली. दोघं पाळीपाळीनं बसली, दिवसा तो, रात्री ती. तीन आठवड्यांनी एके सकाळी दोघं उठून आली आणि परत तिकडे फिरकली नाहीत. बघताना जिवाला लागलं. पण बरोबर तेच होतं.

*

"सोडून द्या हो बिचाऱ्यांना, उडू दे आकाशात." असं म्हणणाऱ्याची भावना मला कळते. पण यांना आमच्या गच्चीवरच्या घारी माहीत नाहीत, पाणी कुठं असतं माहीत नाही, इथली झाडं त्यांची नाहीत. सोडणं म्हणजे संध्याकाळपर्यंत मारणं. त्यांचं उडणं आम्ही घरातच ठेवलं आहे. पंख कापलेले नाहीत. रोज चार तास दिवाणखाना त्यांचा.

*

नीट सांभाळला तर कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो. मी अठ्ठावन्न. हिशोब साधा आहे आणि तो मी आणण्याआधी केला होता.

पुतणीशी बोलले. ती तयार आहे, तिच्या नवऱ्याशीही बोलणं झालं. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे: डॉक्टरांचा नंबर, वजनं, काय खातात, काय द्यायचं नाही, लहान दिवा, ओढणी. आणि लाल शाईनं, दोघं एकत्रच जातील. एक आधी गेला तर उरलेल्याला महिनाभर एकटं न सोडता जवळ माणूस हवं, आणि मग त्याच्या जातीचं दुसरं पाखरू शोधायचं, आरसा नाही.

*

जर्मनीहून मुलीचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. ती शीळ घालते. हळद फोनकडे झेपावतो, मोहरी त्याच्यामागून. स्क्रीनवर दोन तुरे एकदम येतात आणि तिकडं ती रडते, हसते. आज म्हणाली, "काकू, त्या गृहस्थांना दिली असती तर?" मी म्हटलं, "नाही दिलीस ना."

*

ओळखीत कुणी परदेशी निघालं, कुणाला मूल झालं, कुणाला दम्याचा त्रास सुरू झाला, की पाखरं अशीच दारोदार फिरतात. तुमच्याकडे कुणी जोडी घेऊन आलं तर दोन्ही घ्या. दोघांना जागा नसेल, दोघांचा खर्च झेपत नसेल, तर एकही घेऊ नका. नाही म्हणा, आणि चार फोन करून दोघांना घेणारं घर शोधून द्या.